मुडा बांधायचा राहिला

देवरूख, २ जून १९८४

पेंढ्याचा मुडा बांधताना बाबा त्यावर दांडकं हाणायचे. तो धप्प आवाज आज दिवसभर कानात आहे. पुढच्या पेरणीचं भात त्या मुड्यात राहायचं. अनुदानाचं बियाणं अर्ध्या किमतीत मिळू लागलं आणि मी मुडा बांधणंच सोडलं. पहिल्या वर्षी कणगी भरली, खोटं कशाला लिहू? शेजारच्या सावित्रीवहिनी जुनंच पेरत राहिल्या, तेव्हा चारचौघांत त्यांना हसलो होतो. यंदा सरकारी बियाणं आलंच नाही. घरात पेरायला मूठभर भात नाही आणि मी शाळेतल्या कवितांमधली डोलणारी शेतं आठवत बसलोय.

एवढं लिहितोय तर ओटीवर तसाच धप्प आवाज. दारात सावित्रीवहिनी, पायाशी मुडा.

"भावोजी, बांधायचं विसरलात. पेरायचं तरी नाय ना विसरलात?"