बॉनेटला कुलूप लावू नये

मी, खाली सही करणारी निवृत्त परिचारिका, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी सोबत दिला आहे. शरीराचा दाखला मी मागितला नाही. रिपोर्ट मलाही वाचता येतात. मृत्युपत्र करायची ही पहिलीच वेळ. आधी हे जातील आणि मागचे सगळे मी निस्तरीन, असे धरून चालले होते. तसे होणार नाही असे दिसते.

१. राहते घर माझ्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात चिरंजीवांना मिळावे. मात्र त्यांच्या वडिलांना हयातभर या घरातून हलवू नये. चिरंजीवांनी अशा रुग्णांना ठेवून घेणाऱ्या एका संस्थेचे माहितीपत्रक आणून फ्रिजवर ठेवले होते, ते मी वाचले. जागा स्वच्छ आहे, माणसेही बरी दिसतात. पण तिथे गाडी ठेवता येत नाही, आणि गाडीवाचून हे राहणार नाहीत.

२. बँकेतली शिल्लक यांच्या औषधपाण्याला आणि दिवसा सांभाळायला येणाऱ्या माणसाच्या पगाराला वापरावी. उरेल ते सूनबाईंचे. दागिनेही तिचेच, तिला आवडत नसले तरी.

३. छोटी पांढरी गाडी कागदोपत्री माझी आणि बाकी सगळ्या अर्थाने यांची आहे. ती सूनबाईंना देत आहे. मुलाला देत नाही, कारण तो ती विकेल. तसे त्याने तोंडावर सांगितले, हा त्याचा प्रामाणिकपणा.

धाकट्या भावजींच्या हाती गाडीची किल्ली कधीही देऊ नये. त्यांनी एकदा गाडी मागून नेली, तेलाचा तांबडा दिवा लागला तरी तशीच घरापर्यंत दामटली, आणि वर मलाच म्हणाले की दिवाच लागला होता, गाडी तर चालत होती. इंजिन पूर्ण खोलावे लागले. ते मी केव्हाच सोडून दिले. पण मागे आले तेव्हा ते म्हणाले, "दादाचं आता काही राहिलेलं नाही." दादा समोरच बसला होता. हे मी सोडलेले नाही आणि सोडणारही नाही.

४. आता तेलाचे. यांना विसरण्याचा आजार आहे. मी नोकरीत होते तेव्हा सकाळच्या ड्युटीला हे मला गाडीने सोडत, आणि निघण्याआधी तेल बघत. तू रस्त्यात अडकलीस तर वॉर्डात कोण बघणार, असे म्हणत. नोकरी संपली, तेल बघणे राहिले. आता हे एकदा बघतात, डब्यातून थोडे ओततात, आत येतात, विसरतात आणि पुन्हा बघायला जातात. एके दिवशी गाडीने निळा धूर सोडला. गॅरेजवाले म्हणाले, इंजिनात तेल कमी असणे जसे वाईट तसे जास्त असणेही. फेस होतो आणि सील फाटतात.

चिरंजीवांनी बॉनेटला कुलूप बसवून घेतले. गाडी वाचली. पण हे दिवसभर गाडीपुढे उभे राहिले. मी जेवायला बोलवायला गेले तर हात पुढे करून म्हणाले, "उघडता येत नाही गं. हेही गेलं वाटतं माझं." जो माणूस डोळे मिटून इंजिनाचा आवाज ओळखायचा, तो स्वतःच्या हातांकडे परक्यासारखा बघत होता. आयुष्यात मी पुष्कळ माणसे जाताना पाहिली, पण असे जाणे पाहिले नव्हते. त्याच संध्याकाळी मी ते कुलूप काढून टाकले.

तेव्हापासून दुपारी हे झोपले की डिपस्टिकच्या, म्हणजे तेल मोजायच्या सळईच्या, भोकातून बारीक नळी घालते आणि मोठ्या सिरिंजने जास्तीचे तेल ओढून घेते. नर्सला यात नवे काही नाही. काढलेले तेल गाळून यांच्याच डब्यात परत जाते. तेच तेल सकाळी इंजिनात आणि दुपारी डब्यात. सिरिंज, नळी आणि गाळणे मी सूनबाईंना देत आहे. तिने हे काम पाहिले आहे आणि हसली नाही, म्हणून.

तिने लक्षात ठेवावे: गाडी सपाट जागी आणि इंजिन थंड असावे. डिपस्टिक आधी पुसावी, पूर्ण आत घालावी, मग काढून बघावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. गाडीच्या पुस्तकात दोन ग्रेड दिल्या आहेत, त्यांतली जाड घ्यावी. चिरंजीवांनी नव्या गाड्यांचे महागडे पातळ तेल आणले होते, ते आमच्या म्हातारीने पिऊन टाकले. गाडी फिरो न फिरो, सहा महिन्यांनी सगळे तेल फिल्टरसकट बदलावे. डबा मात्र रिकामा दिसू देऊ नये, हे बेचैन होतात.

५. मी गेल्यावर यांना तसे सांगावे. एकदाच. तो त्यांचा हक्क आहे. ते रडतील आणि मग विसरतील. त्यानंतर पुन्हा सांगू नये, नाहीतर त्यांची बायको रोज नव्याने मरेल. सकाळी तेल बघून झाले की ते मला हाक मारतील. तेव्हा सांगावे की ती आज लवकर निघाली, बसने गेली. ते चिडतील. गाडी तयार असताना बस कशाला, म्हणतील. चिडू द्यावे, समजूत काढू नये. थोड्या वेळाने बॉनेट लावून आत येतील. तेव्हा चहा गरम असावा.

सही: निवृत्त परिचारिका

आम्हा दोन साक्षीदारांसमोर बाईंनी वरील मजकूर मोठ्याने वाचला आणि सही केली. पाचवे कलम त्यांनी मनातच वाचून आम्हाला दाखवले, कारण त्यांचे यजमान त्यांचा हात धरून शेजारी बसले होते.

साक्षीदार: घरचे डॉक्टर (सही)
साक्षीदार: शेजारच्या शिक्षिका (सही)
स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच