कापराच्या पानातल्या खोल्या

चांद्र तिसरा महिना, ६

वृक्षबाबांच्या पानांवर फोड आलेत! उदबत्ती लावून परतताना देवळापुढच्या कापराच्या झाडाचं पान उलटून पाहिलं — शिरा फुटतात तिथे दोन फुगवटे. सुईने एक उघडला. आतून मोहरीहून बारीक काहीतरी चालत बाहेर आलं. ज्या कापराला कसर भिते, त्याला कीड?

माझी पोरगी आ-हुई तीन वर्षांची असताना तापाने जात होती, तेव्हा तिला या झाडाच्या ओटीत घातली. तेव्हापासून ती त्याची लेक. बाप आजारी, तर लेकीचं काय? आणि ती आठवडाभर खोकतेय.

७

देवळाची देखभाल करणारे कोन मामा म्हणतात, असे फोड नेहमीचेच. मग रोज उजाडायच्या आत पानं झाडून जाळता कशाला? रस्ता रुंद करणारा ठेकेदार परवा त्यांच्याकडे चहाला होता. झाड मेलं की रस्ता सरळ.

९

औषध मारू का, असा कौल लावला. लाकडी चंद्रकोरी टाकल्या — दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देव नुसता हसला, हो-नाही सांगितलं नाही. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसला. हसणं म्हणजे काही नकार नव्हे. संत्र्याच्या बागेतलं औषध उरलेलं होतं, विकत आणावं लागलं नाही. हाताला येणारी एकच फांदी फवारली. कुणी पाहिलं नाही.

१२

आ-हुईने शाळेतल्या खो बाईंना आणलं. बाई म्हणाल्या, हा रोग नाही. पान वाढता वाढता या खोल्या स्वतःच बांधतं. शास्त्रात त्यांना डोमेशिया म्हणतात, म्हणजे छोटी घरं. आत बारीक कोळी राहतात; त्यातले पुष्कळसे पान कुरतडणाऱ्यांनाच खातात.

मी म्हटलं, "भाडं न घेता खोली कोण देतं, बाई?"

"राखण करतात ना, ताई. तेच भाडं."

गोड बोलतात. ठेकेदाराच्या ओळखीच्या तर नसतील?

चौथा महिना, ३

फवारलेल्या फांदीची पालवी आकसली, तांबूस पडली. बाकी झाड हिरवंगार. फांदीवरच्या चार पानांच्या खोल्या सुईने उघडल्या. रिकाम्या.

आ-हुईचा खोकला केव्हाच थांबला. साधी सर्दी होती.

४

मामांनी देवळात सगळ्यांसमोर विचारलं, विष कुणी मारलं? मी उदबत्तीकडे बघत राहिले. आ-हुई उठली.

"मी मारलं, मामा."

"बापावर?" मामा एवढंच म्हणाले.

म्हणजे तिने मला त्या दिवशी फवारताना पाहिलं होतं. मी बसूनच राहिले.