घरमालकाची सही

३ मार्च
एकसष्ट फॉर्म परत! सगळे बायकांच्या सहीचे. कचेरीतला कारकून म्हणाला, "हरकत घरमालकानेच घ्यायची असते, बाई." घरं नवऱ्यांच्या नावावर आणि नवरे परदेशात, कुणी तेला-गॅसच्या विहिरी खोदतोय, कुणी जहाजावर. विजेचं बिल, शाळेचा दाखला, बँकेचे कागद, दहा-दहा वर्षं आम्हीच सह्या ठोकतोय. कुणाच्या डोक्यातच आलं नाही की घर आपलं नाही!

समितीची चिटणीस मी, म्हणजे खापर माझ्या डोक्यावर. अध्यक्षा मास्तरीणबाई एवढंच म्हणाल्या, "आता पाठवा सातासमुद्रापार." मुदत एकतीसपर्यंत. निम्म्याहून जास्त घरांची हरकत गेली तरच गावात गॅस काढायला कंपनीला परवानगी नाही.

५ मार्च
साठ पाकिटं पाठवली. एकसष्टावं घरी आणलं. आमचं. का, ते लिहायला हात धजत नाही.

६ मार्च
लिहितेच. इथे खोटं बोलून कुणाला फसवणार?

हा, माझा नवरा, त्याच कंपनीत आहे, तिकडे परदेशात. सहा वर्षं झाली. जमिनीत खोल भोक पाडायचं, दाबाने पाणी, वाळू, रसायनं सोडायची, खडक फोडायचा आणि त्यातला गॅस वर काढायचा. हेच इथे होणार. परवा रविवारी फोनवर म्हणाला, "तिथलं काम मंजूर झालं ना, की बदलीचा पहिला अर्ज माझा." नाहीतर करार संपायला अजून चार वर्षं.

आणि मी रोज त्यांच्या फाटकावर फलक धरून बसते! दोन दगडांवर पाय म्हणतात तो हाच.

मला तो हवाय. बस्स. संध्याकाळी चप्पल काढल्याचा आवाज हवाय. माझ्यावर उगाच चिडणारं कुणीतरी हवंय. सहा वर्षांत आम्ही धड भांडलोसुद्धा नाही — फोनवर भांडण सुरू केलं की याला पाळीवर जायचं असतं.

११ मार्च
फाटकावर कंपनीच्या साहेबाने आम्हाला पाण्याच्या बाटल्या वाटल्या. हसून, अदबीने. मास्तरीणबाईंनी बाटली उलटसुलट करून पाहिली. "आतापासूनच विकतच्या पाण्याची सवय लावताय होय?" साहेबाचा चेहरा पाहण्यासारखा! सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र विहिरीवर जाऊन उभी राहिले. पोहरा ओढला आणि ओंजळभर पाणी प्यायले.

१५ मार्च
फोन. धाकटीने दात पडल्याचं सांगितलं. "कुठला गं?" तिने तोंड उघडून फोनला दाखवला!

मग मला म्हणाला, "शेजारच्याचा फॉर्म आलासुद्धा इथे. माझा कुठाय?"
"पाठवते."
"पाणी कसंय विहिरीचं?"
"आहे तसंच. गोड."


१६ मार्च
सासूबाईंना चादरींखाली फॉर्म सापडला. मला वाटलं, आता ऐकवणार. त्या पलंगावर टेकल्या. "मलाही तो यायला हवाय गं," म्हणाल्या. "माझे किती दिवस राहिलेत!" मग डोळे पुसून कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

१७ मार्च
पाठवला. बाकीच्यांसारखा कुरिअरने नाही, साध्या पोस्टाने. वेळेत परत येणं शक्यच नाही. पाठवला नाही असं कुणी म्हणणार नाही, आणि... अशी मी.

२४ मार्च
फॉर्म येताहेत. एकाने जहाजावरून पाठवलाय, कोपऱ्यावर चहाचा डाग. मास्तरीणबाई प्रत्येक सही बोटाने चाचपून बघतात. मला त्यांच्याकडे बघवत नाही.

३० मार्च
दोनदा मोजलं. निम्म्याच्या वर जायला एक कमी. एकच! पाच अजून बाहेर आहेत, त्यांत आमचा.

मास्तरीणबाई म्हणाल्या, "तू किती राबलीस, पोरी." मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी घरी येताना मनात काय आलं? कपाटातले त्याचे शर्ट उन्हात टाकायला हवेत.

३१ मार्च
सकाळी कुरिअर आलं. त्याचं. माझ्या साध्या पोस्टाला त्याने असं उत्तर दिलं!

कारणाच्या रकान्यात बाकी सगळ्यांनी एकच शब्द लिहिलाय, पाणी. याने रकाना भरून काढलाय: "मी इकडे परदेशात हेच काम करतो. इथल्या विहिरी आम्ही नासवल्या. माझ्या घराजवळ नको." खाली सही.

म्हणजे अजून चार वर्षं.

कचेरी पाचला बंद होते. निघाले.