पुसलेली इस्त्री

८ जानेवारी
तुरुंगात सुनेला भेटून आले. जाळीपलीकडून पहिलं वाक्य काय? "आई, तुमच्या ब्लाउजची ही बाही कोणी इस्त्री केली? दोन घड्या पडल्यात!" जन्मठेप झालेल्या बाईचा तोरा बघा! म्हटलं, "बाहेर ये आणि तूच कर." हसली. वाळलीये फार.

येताना नणंद भेटली. म्हणाली, तुझ्या पोटच्या पोराला मारलं तिने, आणि तू तिच्यासाठी वरच्या कोर्टात जातेस? — जाते! बाळूने तिचा गळा आवळला तेव्हा दारात मी होते, नणंद नव्हती. मी ओढते, ओरडते, तो काही सोडेना. हातातली इस्त्री तिने एकदाच मारली. कानशिलावर बसली.

खालच्या कोर्टात हे सगळं सांगितलं. पण तिने नंतर इस्त्री पुसून जागेवर ठेवली ना! पुरावा पुसला म्हणे. म्हणजे थंड डोक्याने केलेला खून. आणि मी तिला पाठीशी घालते म्हणे!

१५ जानेवारी
अपिलाच्या वकीलबाई आमच्या इस्त्रीच्या दुकानात आल्या. पोरगीच आहे. कोट इतका चुरगळलेला की आधी काढून घेतला, मग बोला म्हटलं. त्यांचं एकच — इस्त्री का पुसली असेल? मी काय सांगणार! याच प्रश्नाने डोकं पिकलंय.

एवढ्यात बाई ओरडल्या, "आजी! आत्ता काय केलंत?"

काय केलं? कोट झाला, ओल्या फडक्याने इस्त्री पुसली, उभी ठेवली. हातातून ठेवताना पुसायचीच, नाहीतर डाग पुढच्याच्या कॉलरवर. घराला आग लागली तरी आम्ही दोघी पुसूनच पळू! मीच लावलेलं वळण. सून नवी होती तेव्हा एक पांढरा शर्ट डागाळला, तर केवढी बोलले होते तिला.

एका गिऱ्हाइकाच्या जबानीतही तिची ही सवय आली आहे म्हणे, कोणी लक्षच दिलं नाही. बाईंनी कोट तसाच काखोटीला मारला आणि पळाल्या. केलेलं सगळं पाण्यात!

३ फेब्रुवारी
तारीख पुढे गेली. चिडचिड. उगाच गिऱ्हाइकावर खेकसले.

११ मार्च
सुटली! जीव वाचवायला मारलं, पुसणं ही हाताची सवय — कोर्टाने मानलं. वकीलबाईंच्या गळ्यातच पडले. कोट आजही तसाच.

१४ मार्च
आली घरी! चप्पल काढायच्या आत माझ्या घड्यांना नावं ठेवली. अख्खी थप्पी उलगडून परत इस्त्री करत बसली. करू दे, बाई. जेवताना दोनदा वाढून घेतलं. तिच्याकडे बघत बसले तर म्हणते, "आई, मी काय सिनेमा आहे?" गुणाची माझी पोर.

१५ मार्च
सकाळी तिने कपाटातून बाळूचा निळा शर्ट काढला. इस्त्री केली, घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. "आई, माझ्यासाठी थांबला होतात ना? आता रडा." आणि दार लोटून गेली.

माझं लेकरू गेलं.