चिठ्ठीत आलेली बाजू

११ नोव्हेंबर
कॉलेजच्या वादविवाद टीममध्ये निवड. केतकी आणि मी. विषय : टेकडी फोडून रस्ता झालाच पाहिजे. एकीने बाजूने बोलायचं, एकीने विरोधात. सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. मला 'विरोधात'. विनोदच आहे. बाबा कात्रज ते हिंजवडी कंपनीची बस चालवतात. त्या रस्त्याची वाट पाहणं हा आमच्याकडे कुळाचार. केतकी टेकडीच्या पायथ्याशी राहते, रोज सकाळी आजोबांना घेऊन वर जाते. तिला 'बाजूने'. सर म्हणाले, बरं झालं, जरा डोकं चालवाल.

१४ नोव्हेंबर
मुद्दे शोधायला बसले. लायब्ररी उद्या. रील्सच्या ॲपवर सर्चमध्ये 'टेकडी' टाकलं. खाली आलं : टेकडी सूर्योदय, टेकडीजवळ मिसळ. मग 'टेकडी रस्ता विरोध' शोधलं. पाच-सहा व्हिडिओ पाहिले. एवढंच.

२० नोव्हेंबर
आता नुसतं 'टे' लिहिलं तरी पुरतं. टेकडी वाचवा. टेकडी बिल्डर कोण. टेकडी गेली तर पाणी. मुद्दे अगदी ताटात वाढून. लायब्ररी राहिलीच.

२८ नोव्हेंबर
जेवताना बोलून गेले, रस्त्याने बिल्डरांचंच भलं होणार. बाबा कंबरेमागे शेकायची पिशवी लावून बसले होते. घास तसाच ठेवून म्हणाले, "हे चिठ्ठीतलं बोलतीयस का तुझं?"
चिठ्ठीतलं, म्हटलं. खोटं बोलले. म्हणजे बहुतेक खोटं. नक्की...
आईने भात वाढला, विषय संपला.

४ डिसेंबर
स्पर्धा झाली. दुसरा नंबर. परीक्षकबाई म्हणाल्या, दोघीही आतून बोललात. सर खूश. टाळ्या चालू असताना केतकी माझ्याकडे बघत नव्हती. मीही.

९ डिसेंबर
स्पर्धा संपल्याचं फोनला कोणी कळवलेलं नाही. आता महापालिकेची निवडणूक आलीय, तर उमेदवारांची नावंही तोच पुरवतो. आमच्या प्रभागातल्या टेकडीवाल्या पॅनेलच्या बाईंचं नाव लिहिलं, तर पुढे 'भाषण'. रस्तावाल्यांचं लिहिलं, तर पुढे 'घोटाळा'. घोटाळा झालाय की नाही, माहीत नाही. तरी उघडून पाहिलं.

१३ डिसेंबर
कॅन्टीनमध्ये केतकीशी वाजलं. तिच्या मते टेकडीवाले म्हणजे घरबसल्या पेन्शन खाणारे, ज्यांना कुठे वेळेत पोचायचं नसतं. आजोबांनाही हेच सांगतेस का, असं मी विचारलं. आजोबा हल्ली एकटेच जातात, म्हणाली.
मग फोन बदलून पाहिले. तिच्यात 'टेकडी' लिहिलं : टेकडी रस्ता कधी. टेकडी रस्ता अडवणारे कोण. टेकडी ॲम्ब्युलन्स अडकली. माझ्यात काय येतं ते तिने पाहिलं. शब्द दोघींचा एकच.
"तुझा फोन बिघडलाय," ती म्हणाली.
मला तिचा बिघडलेला वाटत होता. चहा न संपवताच उठलो. वाईट वाटलं, पुष्कळ.

१७ डिसेंबर
बाबांच्या फोनवर 'ट' लिहून पाहिलं. ट्रॅफिक हिंजवडी आज. ट्रॅफिक कात्रज चौक. बास. त्यांना म्हटलं, तुम्हाला एवढंच? म्हणाले, "मला तेवढंच हाय बघायला."
केतकीचा मेसेज नाही. मीही केला नाही.

मतदानाचा दिवस
पहिलं मत. बाबांना सुट्टी आहे, तरी सवयीने कंबरेचा पट्टा बांधूनच तयार झाले. कोणाला देणार ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी उत्तर तयार करावं लागलं असतं. केतकीने मात्र सकाळीच विचारलंय. इतक्या दिवसांनी पहिला मेसेज, एकच शब्द : "कोणाला?" अजून उत्तर दिलेलं नाही.
टेकडीला दिलं तर ते चिठ्ठीचं. रस्त्याला दिलं तर बाबांच्या कंबरेचं. माझं म्हणून कुठलं होतं, तेच सापडत नाही.
आत फोन चालत नाही, म्हणून तो घरीच ठेवून जातेय. आत्ता इथे, वहीत, 'टेकडी' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. चक्क वाट पाहत होते. खाली काहीच आलं नाही.
बाबा खालून हॉर्न देतायत.