बाई लागते

११ फेब्रुवारी १९६९

आज पुन्हा तेच. गुन्हे शाखेत येऊन वर्ष होत आलं, आणि सकाळी सकाळी आमचा लेखनिक जीवराम दारात — "कुंदाबाई, साहेबांनी बोलावलंय. बाई लागते."

बाई लागते! नोकरीला लागल्यापासून हेच ऐकते आहे. बाईची झडती घ्यायची — बाई लागते. विहिरीतून बाईचं प्रेत काढलं — बाई लागते. मंत्री आले, त्यांच्या बायकोला हार घालायचा — तिथेही बाई लागते. खात्याची परीक्षा दिली, साध्या वेशातला तपास मिळेल म्हणून धुळं सोडून जळगावला आले. मिळालं काय? अंगावरचं खाकी पातळ गेलं, बाकी सगळं तेच.

आजची झडती लिलाबाई नावाच्या मोलकरणीची. पारसमल शेठ म्हणजे डाळमिलवाले. त्यांच्या सुनेचा, सायरबाईचा, सोन्याचा कंदोरा घरातून गेला. कमरेचा दागिना, नरडाण्याच्या माहेरून आलेला. लिलाबाई तो सोनाराकडे मोडायला घेऊन गेली. सोनाराने तो ओळखला, तिला बसवून ठेवलं आणि शेठकडे माणूस पाठवला. मी झडती घेतली. कनवटीला तंबाखूची पिशवी, बाकी काही नाही. माझं काम संपलं. साहेब म्हणाले, "जा आता, चहा घ्या."

१२ फेब्रुवारी

आज चौकशीच्या वेळी मी खोलीतच होते. बाई आरोपी आहे, तेव्हा बाई लागतेच.

साहेबांनी विचारलं, "कंदोरा कुठून आणलास?" लिलाबाई खाली बघून पुटपुटली, "वहिनीनी माले दिन्हा."

साहेब टेबलावर हात मारून माझ्याकडे वळले. "ऐकलंत? वहिनींचा माल दिला म्हणते. सोनाराला दिला. स्वतःच्या तोंडानं माल म्हणाली. घरच्या वस्तूला कुणी माल म्हणतं का? चोरच म्हणतो." आणि जीवरामला तसंच लिहायला लावलं.

मी म्हटलं, "साहेब, ती माल म्हणाली नाही. माले म्हणाली. माले म्हणजे मला. वहिनीने मला दिला, असं सांगतेय ती."

साहेब पुण्याचे. हसले. "कुंदाबाई, तुम्ही तिकडच्याच, त्याच वस्तीतल्या. तुम्हाला तसं ऐकू येणारच."

त्याच वस्तीतल्या! म्हणजे काय ते न सांगता सांगितलं. जीवराम पाचोऱ्याचा, घरी हीच बोली बोलतो. मान वर न करता लिहीत राहिला. भित्रा मेला. आणि लिलाबाईला वाटतंय, आपण खरं सांगितलं, आता सोडतील.

१३ फेब्रुवारी

पारसमल शेठच्या घरी गेलो. सुनेला विचारा, असा मीच हट्ट धरला होता. एका शब्दाचं तर काम होतं.

सायरबाई आल्या. पदर हनुवटीच्या खाली ओढलेला, चेहरा कसा तो दिसला नाही. समोर बैठकीवर शेठ. साहेबांनी विचारलं, "कंदोरा तुम्ही कुणाला दिला होता का?" त्या गप्प. मारवाड्यांच्या घरात सून सासऱ्यापुढे तोंड उघडत नाही, हे साऱ्या जळगावाला ठाऊक आहे. साहेबांनाही ठाऊक असेल. उत्तर सासूने, पानबाईंनी दिलं. "ती कशाला देईल? माहेरचं सोनं कुणी मोलकरणीला देतं का?"

मी म्हटलं, मला त्यांच्याशी आत एकटीला बोलू द्या. शेठ म्हणाले, "आमच्या घरातली सून चोरबीर नाही." साहेब लगेच उठले. जिन्यात म्हणाले, "हो म्हणाल्या नाहीत, म्हणजे दिला नाही." असला तपास.

१८ फेब्रुवारी

साहेबांनी माझ्यासाठी बक्षिसाची शिफारस केली! 'महिला आरोपीस विश्वासात घेऊन बोलते केल्याबद्दल.' जीवरामने पेढे मागितले. मी त्याला विचारलं, "माले म्हणजे काय रे?" तो म्हणाला, "ताई, माले पोरं शेतस." पोरंबाळं आहेत म्हणून गप्प. त्यातही माले म्हणजे मलाच झालं, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

२४ फेब्रुवारी

इथे बायकांच्या कोठडीत जागा नाही म्हणून लिलाबाईला धुळ्याच्या तुरुंगात पोचवून आले. कोण नेणार? बाई लागते.

एस. टी.त खिडकीशी तिला बसवलं. बरोबरचा शिपाई पारोळ्यापर्यंत झोपला होता. मी हळूच विचारलं, सायरबाईंनी कंदोरा दिला तरी का? तिने सांगितलं. दिवाळीच्या सुमारास सायरबाईंचं बाळ जन्मतःच गेलं. सुतक म्हणून घरातलं कुणी खोलीत गेलं नाही. दहा दिवस हीच आत. हिनेच अंग शेकलं, दाटलेलं दूध हिनेच पिळून टाकलं, रात्री पायाशी हीच झोपली. उठून बसल्यावर सायरबाईंनी कंदोरा सोडून हिच्या हातात ठेवला. 'तुझ्या मुलीच्या लग्नाला,' म्हणाल्या. ही तो मोडून मुलीसाठी गळ्यातलं गाठलं आणि डोरलं करणार होती.

मी म्हटलं, हे सगळं कोर्टात सांग. सायरबाईंना बोलवायला लाव.

ती म्हणाली, "नको ताई. तिन्हं नाव नका काढू. तिले घरमाईन काढी देतीन. मन्हं काय शे, मी आठे बी भांडा घाससू, तठे बी घाससू."

मला रडू आलं. पोलिसाने आरोपीसमोर रडू नये, म्हणून खिडकीबाहेर बघत बसले. मुकटी गावाच्या आसपास तिनेच मला पाणी दिलं.

तिला आत पोचवून घरी गेले. आईने जेवायला वाढलं. सगळं ऐकून विचारलं, "चोट्टी शे का ती?" मी म्हटलं, नाही. आई म्हणाली, "मंग तिले काब्र धरी लयनी तू?"

का धरून आणली! ताटावरून उठले.

२ मार्च

आज सुट्टी होती. सायरबाई रोज सकाळी जैन स्थानकात साध्वींच्या व्याख्यानाला जातात, एवढं शोधून काढलं होतं. तेवढी गुप्त पोलीस मी नक्कीच आहे. पानबाई आत महासतींच्या पाया पडत होत्या तेवढ्यात सुनेला दाराशी गाठलं.

पदराआडून म्हणाल्या, "मी बोलले तर त्या घरात मला जागा नाही. माहेरचेही ठेवून घेणार नाहीत."

मी फार कडू बोलले. म्हटलं, "तुम्हाला जागा नाही म्हणून ती तुरुंगात. आणि ती मेली तरी कोर्टात तुमचं नाव घेणार नाही. तुम्हाला घराबाहेर काढतील म्हणून. भांडी काय, तिथेही घासेन म्हणते."

पदर हलला नाही. आतून सासूची हाक आली आणि त्या गेल्या. तिची अडचण मला कळते, मी काही दगड नाही. पण मला तिचा राग येतो. माझाही येतो.

७ मार्च

लिलाबाईच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. चोराच्या घरची मुलगी नको म्हणाले.

९ मार्च

साहेबांना पुन्हा म्हटलं, जबाब दुरुस्त करू. ते म्हणाले, "एका मात्रेसाठी? परवा दोषारोपपत्र जातंय. तुमचं बक्षीसही येतंय, आता गप्प बसा." मी म्हटलं, बक्षीस नको, मला परत धुळ्याला पाठवा. त्यांनी हातातली फाईल मिटलीसुद्धा नाही. "अर्ज द्या."

अर्ज दिला. पुन्हा खाकी पातळ, पुन्हा झडत्या. निदान तिथे तपासाच्या नावाखाली माझ्या हातून कुणाला फसवलं जाणार नाही.

१० मार्च

सायरबाई कचेरीत आल्या. एकट्या. पदर डोक्यावर, पण चेहरा उघडा. इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं. साहेबांनी लिहून घ्यायला जीवरामला हाक मारली. त्या म्हणाल्या, "ते नको. मला बाई लागते." मी कागद घेऊन बसले. माझ्याकडे बघून, लिलाबाईच्या बोलीत, सावकाश म्हणाल्या, "मी तिले दिन्हा." सही करून झाल्यावर मी विचारलं, घरी कोण सोडायला येणार? त्यांनी दाराकडे बघितलं. बाहेर टांग्यात त्यांची पेटी होती.