कपाटातलं नेलकटर

बुधवार, सकाळ

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझे फोन आले तेव्हा मी घरातच होतो, मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तू भराभर बोलतेस, मी हो हो म्हणून मोकळा होतो आणि मग तळमळत बसतो. लिहिताना कुणी घाई करत नाही. अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे.

इकडे ठीक आहे. गॅसची नळी बदलून घेतली. जिन्यातला दिवा गेलाय. मालकाला सांगितलं, तो लगेच हो म्हणाला, म्हणजे लावणार नाही. तुझ्या आईला भूक चांगली लागते. डावा हात अजून जडच आहे, पण जिभेला अर्धांगवायूचा काही त्रास झालेला नाही, हे तू जाणतेसच.

तू पाठवलेल्या जपानी नेलकटरबद्दल विचारत होतीस. ताई, पार्सलमधली पावती काढायला तू विसरलीस. आकडा वाचून मी खालीच बसलो. नखं कापायला एवढे? तू म्हणालीस, तिकडे माणूस हाताने एकेकाला धार लावतो. मी मनात म्हटलं, धार लावणारा आपल्या चौकातही बसतो. तू ‘वापरता ना बाबा?’ विचारायचीस, मी ‘एकदम छान’ म्हणायचो. ते डबीतच होतं, कपाटात, माझ्या लग्नातल्या कोटाखाली. चांगली वस्तू उगाच झिजू नये म्हणून.

आता पुढचं लिहितो. वाचून लगेच गाडी काढू नकोस, आधी पत्र पूर्ण वाच.

मागच्या महिन्यात जुन्या नेलकटरने आईच्या पायाची नखं कापत होतो. ते टक् करून वाजतं आणि नख उडून कुठे जातं देवाला ठाऊक. आजारापासून ती आवाजाला दचकते. तशी दचकली, पाय ओढला, आणि करंगळीशेजारच्या बोटाला लागलं. साखरेमुळे तिच्या पायांना काही कळत नाही. तिला कळलं नाही, मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी चादरीवर डाग दिसला तोही मला चहाचा वाटला. बोट सुजल्यावर टॅक्सी करून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, “आजोबा, अजून थांबला असतात तर बोट गेलं असतं.”

त्याच आठवड्यात तुझा फोन आला. आईला तुमच्याकडच्या वृद्धांच्या संस्थेत ठेवू, जागा धरून ठेवलीय, तिथे नखं कापायलासुद्धा बाई आहे, असं तू म्हणालीस. तुला काही माहीत नव्हतं, तरी नेमकं तेच बोललीस. जखम भरेपर्यंत तुला कळवायचं नाही असं ठरवलं. सोमवारी पट्टी निघाली. घरी येणाऱ्या नर्सबाईंनी बोट दाबून, उलटसुलट करून पाहिलं आणि बरं झालं म्हणाल्या. म्हणून आज लिहायला बसलो.

त्या जाताच आई म्हणाली, “आता तरी कोटाखालचं काढा.”

“तुला कुणी सांगितलं?”

“जन्मभर शिवणकाम केलंत. सगळ्यांत महाग कात्री घेतलीत. एकदा मी तिने दुधाची पिशवी कापली, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. कापडाला चांगली कात्री हवी, आणि माझ्या पायाची किंमत कपाटात.”

मी उठून डबी काढली.

आधी माझ्या नखांवर करून पाहिलं. खरं सांगतो, मला विशेष फरक कळला नाही. माझी नखं मी अजून जुन्यानेच कापतो, माझ्यासाठी एवढं महाग घेणं मूर्खपणाच झाला असता. मग तिचे पाय कोमट पाण्यात ठेवले, पुसले, खिडकीशी उजेडात बसलो. ताई, ते वाजतच नाही. दोरा तोडावा तसं नख सुटतं आणि आतच राहतं. कड इतकी साफ की घासावी लागत नाही. ती बाहेर बघत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, “करा ना आता सुरू.” तोवर एक पाय झालाही होता.

तुझे पैसे तिथे वसूल झाले.

आता माझं ठरलेलं ऐक. आई इथेच राहील. तिलाही विचारलं. म्हणाली, “तिथे मला आवडेलही, पण तुम्हाला रोज कोण ओरडणार?” नर्सबाई दर शनिवारी पाय पाहून जातील, त्यांच्याशी बोलणं झालंय. नखं फक्त दिवसा, खिडकीशीच. आणि एक लिहायचं टाळत होतो. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. डाग ओळखू आला नाही तो त्यामुळे. ऑपरेशनची तारीख घेऊन आलोय, पुढच्या महिन्यातली, पत्रामागे लिहिली आहे. येणारच असशील तर तेव्हा ये आणि आईजवळ राहा. तिला न्यायला येऊ नकोस. माझी काळजी तुला वाटते हे कळतं, मलाही माझी वाटते, पण माझा शब्द हाच.

आणखी एक मागणं आहे, लाज वाटते तरी लिहितो. आईच्या अंगठ्याचं नख जाड आहे, ते या नेलकटरात बसत नाही. नर्सबाई म्हणतात, पकडीसारखं एक येतं. तोच कारागीर तेही बनवत असेल तर पाठव. महाग असणार, असू दे. ते मी कपाटात ठेवणार नाही. पावती मात्र आत टाकू नकोस.

त्या संस्थेतली जागा दुसऱ्या कुणाला द्या, असं त्यांना सांगितलंस का, तेवढं लवकर लिही. दोन ओळी पुरेत. जिन्यात पाऊल वाजलं की मी अंधारात दार उघडून उभा राहतो, आणि आतून तुझी आई विचारते, “आलं का ताईचं?”

आईच्या दहाही बोटांसकट,
तुझा बाबा